उभा ठसा, आडवा ठसा

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन का उचलत नाहीस, असं तू पुन्हा विचारलं आहेस. पुन्हा सांगतो. तू फोनवर बोलतेस तेव्हा मला नुसता सूर कळतो, शब्द तुझ्याकडेच राहतात. कानातल्या यंत्राला फोन लावला की ते शिट्टी मारतं. पत्र बरं. तू ओरडतेस तेही सावकाश वाचता येतं.

आमचं बरं चाललं आहे. कॉलेजच्या शरीररचना विभागासाठी नवा पाय करायला घेतला आहे. मांडीपासून घोट्यापर्यंत, आणि स्नायू एकेक करून काढता येतील असा. विद्यार्थी दरवर्षी पिंढरीचा एक स्नायू हरवतात आणि मी दरवर्षी नवा करून देतो. दिवसभर टेबलाशी उभं राहून संध्याकाळी पाय भरून येतात, पण ते तुला काय सांगायचं. तूही ऑपरेशन थिएटरात छत्तीस वर्षं उभीच आहेस.

एक गंमत. दुसऱ्यांचे पाय करता करता मला माझ्याच डाव्या गुडघ्यामागे एक गाठ सापडली. मऊ आहे, दुखत नाही, लिंबाएवढी असेल. समोरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली आणि म्हणाले, पाण्याची गाठ आहे, सुई घालून पाणी काढून टाकू. ते सध्या रजेवर आहेत, दोन मार्चला काढणार. सुई म्हटली की माझी पाचावर धारण बसते हे तुला माहीत आहे. न काढता चालेल का? तू सांगशील तसं.

बाकी दम जरा लागतो, जिना चढताना मध्ये थांबतो. तीस वर्षं प्लास्टरची धूळ खाल्ल्यावर आणखी काय होणार.

तुझा भाऊ


९ फेब्रुवारी

प्रिय मातीखाऊ,

लहानपणी अंगणातली माती खायचास, मोठेपणी प्लास्टर खातोस. तोंडाला फडकं बांधून काम कर म्हणून किती वर्षं सांगते आहे. ऐकू येत नाही हे कारण आता चालणार नाही, हे लिहून दिलं आहे.

गाठीचं एवढं काय घेऊन बसलास? गुडघ्यामागे पाण्याची गाठ पन्नाशीनंतर कितीतरी जणांना होते. सुई घालून घे. पाच मिनिटांचं काम आहे, भित्रटपणा करू नकोस. मी तिथे असते तर मीच टोचली असती.

तरी माझ्या समाधानासाठी नीट वर्णन लिही. लिंबाएवढी म्हणजे कुठल्या लिंबाएवढी? दिवसभर सारखीच असते की कमीजास्त होते? कडक की मऊ? तुझ्या पत्रात हरवलेल्या स्नायूवर पाच ओळी आणि स्वतःच्या पायावर दोन. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

वर्णन माझ्याच्याने होईना. तीन कागद फाडले. मला जे येतं ते केलं आणि सोबतच्या खोक्यात पाठवलं आहे. हळू उघड, भुसा सांडेल.

गुडघ्यामागच्या जागेचे प्लास्टरचे दोन ठसे आहेत. एकाच्या पाठीवर 'उभा' लिहिलं आहे. तो संध्याकाळी सहाचा, दिवसभर काम करून झाल्यावर उभ्यानेच घेतलेला. दुसऱ्यावर 'आडवा' लिहिलं आहे. तो पाय उशीवर ठेवून तासभर पडून राहिल्यावर, पालथा होऊन घेतलेला. दोन्ही वेळा प्लास्टर हिने लावलं. तेल कमी पडल्यामुळे साचा काढताना गुडघ्यामागचे सगळे केस गेले. शेजारचे विचारायला आले की काय झालं. मापं अचूक आहेत, केसाएवढाही फरक नाही.

गंमत अशी की आडव्या ठशात गाठ जवळजवळ नाहीच. मी दोनदा घेतला, माझीच चूक वाटली म्हणून. पाण्याची गाठ झोपायला जाते का गं?

दोन तारखेला जातोच आहे. आता भित्रट म्हणू नकोस.

तुझा भाऊ


(त्याच खोक्यात, भुशाच्या खाली)

वन्सं,

हे पत्र ह्यांच्या नकळत ठेवते आहे. ह्यांनी तुम्हाला दम लागतो एवढंच लिहिलं असणार. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात हे खाली बसले आणि दोन मिनिटं शुद्ध नव्हती. ओठ काळे पडले होते. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, ताईला कळवलंस तर बघ. डॉक्टरांनी छाती तपासून प्लास्टरच्या धुळीमुळे म्हणून तोंडात मारायचा पंप दिला. त्याने काडीचा फरक नाही. छातीत एका बाजूला टोचतं म्हणतात आणि लगेच विषय बदलतात.

मला ह्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं, म्हणून लिहिलं.

तुमची वहिनी


२७ फेब्रुवारी

मातीखाऊ,

तुमच्या खालच्या छापखान्यात फोन करून निरोप दिला आहे, तो मिळाला असेलच. तरी लिहून देते, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणायला नको. सुई टोचून घ्यायची नाही. कुणीही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी. ती जागा चोळायची नाही, तेल लावून मळायची नाही, दाबून बघायची नाही.

तुझे ठसे मी आमच्या सर्जनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. आधी त्या हसल्या, म्हणाल्या, सिस्टर, आता पेशंटऐवजी पुतळे आणायला लागलात? मग त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले, डोळे मिटले आणि एकाच वेळी दोन्हींवर अंगठे फिरवले. मग विचारलं, ह्यांना दम लागतो का? मी हो म्हटलं आणि जिन्यातलं सांगितलं. (कुणी कळवलं ते विचारू नकोस. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.)

त्या म्हणाल्या, पाण्याची गाठ झोपल्यावर इतकी सपाट होत नाही. हे रक्त आहे. पायातून वर जाणारी मोठी शीर एका जागी पातळ होऊन पिशवीसारखी फुगली असावी. उभं राहिलं की भरते, पडलं की रिकामी होते. झोपवून तपासलं तर दिसेल कशी? असा फुगा त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला आहे, तेही दुसऱ्यांच्या पेशंटमध्ये.

पत्र मिळेल त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जा. सोनोग्राफी उभं राहून करायला सांग, वजन उजव्या पायावर टाकून. छातीचा स्कॅनही करून घे. सर्जनबाईंची चिठ्ठी सोबत आहे. मजकूर मीच टाइप केला आहे, कारण त्यांचं अक्षर कुणालाच लागत नाही.

जिना चढू नकोस. चार दिवस काम बंद ठेव. हरवलेला स्नायू हरवलेलाच राहू दे.

ताई


३ मार्च

प्रिय ताई,

सगळ्यात आधी: सुई टोचली नाही. हे पत्र इस्पितळातल्या खाटेवरून लिहितो आहे. पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिवसातून दोनदा देतात. ह्या सुया मात्र चालतात असं दिसतं. तुझ्या राज्यात न्याय असाच.

तपासणीच्या खोलीत एक मुलगी होती, चष्मेवाली, घाईत. म्हणाली, "काका, उभं राहून कुणी सोनोग्राफी करतं का?"

म्हटलं, "माझी ताई करते."

"त्या डॉक्टर आहेत?"

"नाही, सिस्टर आहेत."

"अगंबाई," ती म्हणाली, "मग करायलाच हवी."

आधी तिने मला झोपवून पाहिलं. पडद्यावर शीर म्हणजे एक चपटी फट, दारातून आत सरकवलेल्या पाकिटाएवढी. मग मी ठेंगण्या स्टुलावर उभा राहिलो, समोरचा दांडा धरला आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तू असतीस तर बरं झालं असतं. ती फट उघडली. माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू रुंद झाली, बाजूला एक खोली निघाली, ती भरायला लागली. आत रक्त फिरत होतं. वाहत नव्हतं, फिरत होतं. उदबत्तीचा धूर बंद खोलीत फिरतो ना, तसं सावकाश. मुलगी म्हणाली, जिथे रक्त रेंगाळतं तिथे ते असंच दिसतं.

मी तीस वर्षं शिरा केल्या. मेणाच्या, प्लास्टरच्या, राळेच्या. त्यांना माझ्या हाताने निळा रंग दिला. त्यांतली एकही कधी हलली नाही. मला शरीर शिकवलं ते टेबलावर आडव्या पडलेल्या, रक्त निघून गेलेल्या माणसांनी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण माणूस उभा राहिला की शीर काय करते, हे त्यांच्यातलं कुणी मला सांगू शकत नव्हतं. आणि माझीच एक शीर इतकी वर्षं माझ्यामागे उभी राहून हे सगळं करत होती. तिथेच हात जोडावेसे वाटले, पण दांडा सोडता येत नव्हता.

मग त्या खोलीच्या भिंतीला एक करडा गोळा दिसला. डुलत होता. मुलगी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "काका, हलू नका. मी दोघांना बोलावते, मग तुम्हाला उतरवू." मला ते तिच्या ओठांवरूनच कळलं.

छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात साकळलेल्या रक्ताच्या अशाच गोळ्याचे चार तुकडे सापडले. एकेक करून तिकडे गेलेले. जिन्यात जो गेला तो त्यांतला मोठा. म्हणजे दमाचं खापर इतके दिवस बिचाऱ्या प्लास्टरवर फोडलं, आणि प्लास्टरनेच मला वाचवलं. ही तेवढं ऐकून बाहेर जाऊन बसली. मी तिला रागावलो नाही. रागावायला तोंड कुठे आहे.

परवा गाडीतून तुमच्याकडे हलवणार आहेत, झोपवूनच. ऑपरेशन सर्जनबाई करणार. मला भीती वाटते, ताई. तुला म्हणून सांगतो. जिन्यात काय झालं ते मला आठवत नाही, पण त्याच्या आधीचं आठवतं. हवा सगळीकडे होती आणि माझ्यापर्यंत येत नव्हती.

तुझा भाऊ


१० मार्च, वॉर्ड ४, खाट ११

ताई,

तू दिवसातून सहा वेळा येऊन जातेस आणि तोंडावर मास्क असल्यामुळे मला एक अक्षर कळत नाही. म्हणून ही चिठ्ठी मावशींबरोबर पाठवतो.

सर्जनबाईंनी मघाशी कागदावर चित्र काढून समजावलं. चित्र भयंकर होतं. मी पेन्सिल घेऊन नीट करून दिलं, तर म्हणाल्या, "तुम्हीच करता का ऑपरेशन?" मला माणूस आवडला.

उद्या मला पालथं झोपवून पूर्ण भूल देणार आहेत. म्हणजे माझ्या पायात काय आहे ते मी सोडून सगळे बघणार. हा अन्याय आहे. तुला आत उभं राहू देणार आहेत म्हणे, हाताला काम न देता. तर तू माझ्यासाठी बघ. आणि मग जे दिसलं ते लिही. खरं लिही. रंगसुद्धा.

आणि काही कमीजास्त झालं तर हिला एकटीला इस्पितळातून घरी पाठवू नकोस. तू बरोबर जा.

भाऊ


११ मार्च, संध्याकाळ

मातीखाऊ,

जागा झालास की वाच. ऑपरेशन झालं. पाय आहे, बोटं हलतात, रक्त वर जातं आहे. आमचा जीव भांड्यात पडला. मला आता जास्त लिहवत नाही. झोप.

ताई


२४ एप्रिल

प्रिय ताई,

घरी येऊन महिना झाला. पायात घट्ट मोजा असतो, रक्त पातळ करायची गोळी आणखी काही महिने घ्यायची आहे. रोज थोडं चालतो. जिना काल न थांबता चढलो आणि वर पोचल्यावर हिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डोंगर उचलून आणला आहे.

तुझी चार पत्रं आली. चारही पत्रांत मोजा, गोळी, पाणी पी, उभा राहू नकोस. मी सांगितलेलं काम मात्र तू केलेलं नाहीस. तुला आत काय दिसलं? वॉर्डातही विचारलं, तर उशी नीट करायला लागलीस. काही वाईट होतं का? माझ्यापासून लपवत असशील, तर लपवू नकोस. लपवण्यात मी तुझ्या चार पावलं पुढे आहे आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

तुझा भाऊ


३० एप्रिल

प्रिय भाऊ,

वाईट काही नव्हतं. तरी लिहवत नव्हतं, आणि त्याचं कारण शेवटी सांगते. आधी तुझं काम.

तुला पालथं झोपवलं होतं. सगळीकडे हिरवे कपडे, आणि मधे फक्त तुझ्या गुडघ्यामागची जागा, वीतभर. मला तो पाय तुझा वाटेना आणि ते बरंच झालं. सर्जनबाईंनी वळणदार चीर घेतली, कारण सांध्यावर सरळ चीर घेतली तर जखम भरल्यावर कातडी आखडते. आत चरबीचे पिवळे थर. मग तो मोठा मज्जातंतू, पांढरा, करंगळीएवढा. त्याच्याभोवती मऊ पट्टी घालून त्यांनी तो बाजूला घेतला, झोपलेल्या बाळाचा हात बाजूला करावा इतका हळू. त्यामुळेच तुझी बोटं आज हलतात.

आणि त्याच्या खाली ती होती. निळी नव्हती. तीस वर्षं तू चुकीचा रंग देतो आहेस असं मी म्हणणार नाही, पोरांना कळायला निळाच हवा. पण खरी शीर राखी होती, वर मोत्यासारखी झाक, आणि आतलं काळं रक्त भिंतीतून दिसत होतं. फुगा अंड्याएवढा. भिंत इतकी पातळ की दिवा हलला की आतली सावली हलायची. हे घेऊन तू रोज दहा तास उभा राहत होतास.

बाईंनी फुग्याला हात लावला नाही. कुणालाही लावू दिला नाही. आधी वरच्या बाजूला शीर मोकळी केली आणि तिथे चिमटा लावला, म्हणजे काही सुटलं तरी छातीकडे जायला नको. ती दोन बोटं जागा मोकळी करायला त्यांना पाऊण तास लागला. मग खालचा चिमटा, मग फुगा उघडला. मी भिंतीशी उभी होते. त्या न वळता म्हणाल्या, "सिस्टर, या, बघा."

आत गुठळी होती. अंगठ्याच्या पेराएवढी, एका कडेला जेमतेम चिकटलेली, बाकी सगळी मोकळी. चिमटा नुसता टेकवला तर निघून आली. ही गेली असती तर जिन्यातल्यासारखी दोन मिनिटांनी शुद्ध आली नसती.

मग त्यांनी फुग्याची जास्तीची भिंत कापली. जास्त कापली तर शीर अरुंद होऊन पुन्हा रक्त साकळणार, कमी कापली तर पुन्हा फुगणार. मोजायला काही साधन नाही, नुसती नजर. केसापेक्षा बारीक धाग्याने कडेला कड जुळवत गेल्या. मी छत्तीस वर्षं टाके बघते आहे, असे पाहिले नव्हते.

आता ते कारण. गुठळी बाहेर आली तेव्हा मी तुझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि पाण्याची गाठ समजून सुई जिथून घातली असती ती जागा मला दिसली. बरोबर तिथे, म्हणजे टोचताच ती गुठळी सुटली असती. आणि सुई घालून घे, भित्रटपणा करू नकोस, मी असते तर मीच टोचली असती, हे माझ्या अक्षरात तुझ्या घरी पडलेलं आहे. न बघता, न तपासता, इथे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. तू शब्दांत वर्णन लिहून पाठवलं असतंस तर मी दुसऱ्यांदाही तेच सांगितलं असतं. ह्या कामात इतकी वर्षं घालवून मी माझ्याच भावाला तिकडे पाठवत होते. वॉर्डात तू हसून माझ्याकडे बघायचास आणि मला उशीशिवाय काही सुचायचं नाही. मला माफ कर.

आणि आता शेवटचं, जे तुला सगळ्यात जास्त बघायला हवं होतं. टाके संपले. बाईंनी आधी खालचा चिमटा काढला, मग वरचा. ती चपटी पडलेली शीर खालून भरत आली, टाक्यांच्या रेषेवरून पुढे गेली आणि वर दिसेनाशी झाली. कुठे गळती नाही, कुठे रेंगाळणं नाही. रक्त तुझ्या छातीकडे निघालं होतं. पुढचं काम सगळ्यांना माहीत होतं: जखम धुवायची, शिवायची, पट्टी बांधायची. कुणीच हललं नाही. भूल देणारे डॉक्टरसुद्धा उठून आले. मिनिटभर आम्ही आठ माणसं तुझ्या गुडघ्यामागे वाकून नुसती बघत उभी होतो. त्यात बघण्यासारखं काय होतं म्हणशील, तर एक शीर तिचं रोजचं काम करत होती. मी हजारो ऑपरेशनं पाहिली, पण असं सगळ्यांचं एकदम थांबणं पाहिलं नव्हतं.

परवा तुझं पत्र आलं, त्यात जिना न थांबता चढलो असं वाचलं. मी ड्यूटीवर होते. पत्र खिशात ठेवलं आणि आमचा जिना चढायला लागले, आणि मधल्या पायरीवर उभी राहून नुसता श्वास घेतला. तू आहेस, मातीखाऊ. तिकडे, त्या घरात, दोन पायांवर उभा आहेस. मला अजून त्याचं नवल वाटतं.

तुझी ताई